सीटी स्कॅन नॉर्मल, तरी डोकं दुखालंय: एका गोलकीपरच्या आईला उत्तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईने विचारलंय. थोडक्यात असं: मुलगी नववीत, वय पंधरा, शाळेच्या संघाची गोलकीपर. बारा दिवसांपूर्वी तालुक्याच्या सामन्यात खाली वाकून बॉल घेताना समोरून धावत आलेल्या मुलीचा गुडघा कानशिलावर बसला. पडली, उठली, उरलेला सामना खेळली. रात्री एकदा उलटी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी बेळगावला आणून सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला. पण अजून "डोकं दुखालंय" म्हणते. पुस्तक उघडलं की अक्षरं हलतात, उगाच चिडते, संध्याकाळी सातलाच झोपते. पुढच्या आठवड्यात जिल्हा संघाची निवड आहे. पीटी सर म्हणतात रिपोर्ट चांगला आहे, पाठवा. आज्जी म्हणते फुटबॉलच बंद. आईचे प्रश्न तीन: ही नाटक करते का? निवडीला पाठवू का? आणि पोरीच्या जातीला या गोलकीपिंगमध्ये पुढं काही आहे का?

ताई, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी घ्या, कारण ती थांबू शकत नाहीत. ती नाटक करत नाही. आणि तिला निवडीला पाठवू नका. "नुसती बघून येते" म्हणाली तरी नको. मैदानाच्या कडेला उभी राहिलेली कीपर ग्लोव्हज न घालता परत आलेली मी अजून पाहिली नाही. तिसऱ्या प्रश्नाकडे सावकाश येते.

मी बेळगावात अठरा वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि त्याहून जास्त वर्षं मुलींना गोलमध्ये उभं राहायला शिकवते. त्याआधी स्वतः कीपर होते. औषधं सांगणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण डोक्याला मार लागलेली खेळाडू पुन्हा उभी कशी करायची, हे माझं रोजचं काम आहे.

आधी तो स्कॅन. सीटी स्कॅन दोन गोष्टी सांगतो: कवटीला तडा आहे का आणि आत रक्त साठलंय का. दोन्ही नाही, हे फार चांगलं झालं, आणि उलटीनंतर तुम्ही तिला लगेच आणलंत हेही. पण तिला जे झालंय त्याला कन्कशन म्हणतात, आणि ते त्या फोटोत दिसतच नाही. धक्क्याने मेंदू आतल्या आत हलतो आणि त्याच्या पेशींचं काम काही दिवस बिघडतं. तुमच्या घराला कुठं तडा नाही, भिंत सरळ आहे, पण व्होल्टेज खाली-वर होतंय, असं समजा. घराचा कितीही चांगला फोटो काढला तरी व्होल्टेज त्यात कसं दिसणार? बल्ब मंद झाला, पंखा घरघरला, त्यावरूनच कळतं. तिची हलणारी अक्षरं, चिडचिड, सातची झोप ही तीच घरघर आहे. शुद्ध हरपली नाही म्हणजे मार लहान, हाही समज चुकीचा. कन्कशन झालेल्या दहातल्या नऊ जणांची शुद्ध जातच नाही. शिवाय फुटबॉलमध्ये मुलांपेक्षा मुलींमध्ये हे प्रमाण जास्त आढळतं, आणि बरं व्हायलाही त्यांना पुष्कळदा जास्त दिवस लागतात.

तुमचा मजकूर वाचताना मी एका वाक्यावर अडकले: खाली वाकून बॉल घेताना गुडघा कानशिलावर बसला. माझ्या मुलींना मी ज्या कीपरची गोष्ट दरवर्षी सांगते, तिची कारकीर्द नेमकी अशीच संपली. म्हणून ती गोष्ट तुम्हालाही सांगते, आणि तुमच्या लेकीलाही सांगा.

ब्रियाना स्करी. अमेरिकेची गोलकीपर. 10 जुलै 1999 ला कॅलिफोर्नियाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये 90,185 माणसं महिला विश्वचषकाची फायनल बघायला बसली होती. अमेरिका विरुद्ध चीन, 120 मिनिटांत एकही गोल नाही. पेनल्टीवर आलं. चीनची तिसरी किक लिऊ यिंगची, आणि ती स्करीने अडवली. अमेरिका 5-4 ने जिंकली. जगभर फोटो छापला गेला तो शेवटची किक मारणाऱ्या ब्रँडी चॅस्टेनचा, पण त्या किकला अर्थ दिला तो या अडवलेल्या एका बॉलने. आमच्या मुली मोबाइलवर तो सेव्ह बघतात आणि लगेच विचारतात, "मिस, ती रेषेच्या पुढं आली होती ना?" हो, आली होती. तेव्हाच्या नियमातही ते बसत नव्हतं, रेफ्रींनी पकडलं नाही एवढंच. 2019 पासून नियम आणखी स्पष्ट झालाय: किक बसते त्या क्षणी कीपरचा निदान एक पाय रेषेवर किंवा रेषेच्या सरळीत हवा, आणि 2022 पासून तो रेषेच्या मागं असला तरी चालतो. मी त्यांना सांगते, झेप तिची शिका, पाय आजच्या नियमाने ठेवा.

स्करीने 1996 आणि 2004 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली, देशासाठी 173 सामने खेळली. मधला काळ सोपा नव्हता. 2000 च्या ऑलिंपिकला तिची जागा दुसऱ्या कीपरने घेतली होती. ती बाकावर बसली, पुन्हा अंग कमावलं आणि चार वर्षांनी परत पहिली कीपर झाली. तुमच्या लेकीची एक निवड चुकणार म्हणून घरात जे वातावरण असेल, त्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

मग 25 एप्रिल 2010. ती वॉशिंग्टन फ्रीडम या व्यावसायिक संघाकडून खेळत होती, वय 38. खाली आलेला बॉल घ्यायला वाकली, समोरून आलेल्या खेळाडूचा गुडघा कानशिलावर बसला. हाफ टाइमपर्यंत ती गोलमध्ये उभी राहिली. तो तिचा शेवटचा सामना ठरला. पुढची तीन वर्षं डोकं ठणकत राहिलं, उजेड सोसेना, आठवण राहीना, मन इतकं खचलं की जगणं नकोसं झालं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र काहीच दिसत नव्हतं. हाताला प्लास्टर नाही, डोक्याला पट्टी नाही. उपचारांच्या खर्चासाठी विमा कंपनीशी भांडण चाललं. शेवटी तिने दोन्ही सुवर्णपदकं गहाण ठेवली. ताई, सोनं गहाण ठेवायला बाई कधी जाते, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला नको.

ऑक्टोबर 2013 मध्ये एका डॉक्टरांनी तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, दुखावलेल्या ऑक्सिपिटल नर्व्हवर, म्हणजे तिथल्या मज्जातंतूवर, शस्त्रक्रिया केली. तिचं डोकं ठणकवणारं दुखणं मुख्यतः तिथलं होतं. तिथून ती उभी राहिली, आणि उभी राहिल्यावर गप्प बसली नाही. 2014 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे जाऊन तिने खेळातल्या कन्कशनबद्दल साक्ष दिली. विशेषतः मुलींच्या दुखापतीकडं कुणी बघत नाही, हे ती जागोजागी सांगत राहिली. 2017 मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये तिची निवड झाली. त्या मानाला पोचलेली ती पहिली महिला गोलकीपर, आणि पहिली कृष्णवर्णीय महिला.

तिला बोलायची सवय त्याआधीची होती. 1995 मध्ये महिला संघाला असा करार दिला गेला की ऑलिंपिकला सुवर्ण मिळालं तरच बोनस. पुरुषांना मात्र त्याहून खालच्या पदकालाही. नऊ जणींनी सही करायला नकार दिला, त्यांना शिबिराबाहेर ठेवलं गेलं. त्या नऊ जणींत स्करी होती. त्या भांडणाचा धागा पुढच्या पिढ्यांनी धरून ठेवला आणि 2022 मध्ये अमेरिकेच्या महिला आणि पुरुष संघांना समान मानधनाचा करार झाला.

आता माझ्याकडून झालेली एक चूक सांगते. मी नवीन नवीन शिकवत होते तेव्हाची. आमची कीपर सोळा वर्षांची, उंच, शांत, जमिनीवरचा बॉल असा उचलायची की जणू तो तिचाच होता. एका सामन्यात कॉर्नरवर तिचं डोकं खांबाला लागलं. मी धावत गेले, तोंडावर पाणी मारलं, दोन बोटं दाखवली. "दोन," म्हणाली. रेफ्रींनी कन्नडमध्ये विचारलं, तिने "एन इल्ला, सर" म्हणून सांगितलं, म्हणजे काही नाही. मी तिला खेळवलं. आम्ही जिंकलो. परतीच्या बसमध्ये तिने मला तीनदा विचारलं, "मिस, किती-किती झाले?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या आठवड्यात मी तिला परत सरावाला बोलावलं, कारण ती "बरी आहे" म्हणत होती. तिची त्या वर्षीची परीक्षा बुडाली. ती परत कधी गोलमध्ये उभी राहिली नाही. आज संसारात सुखी आहे, भेटते, बोलते, पण कडक उन्हात अजून डोकं धरून बसते. ती "एन इल्ला" म्हणाली तेव्हा पंधरा मिनिटं तिला बाहेर बसवणं माझ्या हातात होतं. मी नाही बसवलं.

तेव्हापासून मी बोटं दाखवत नाही. आता मैदानावर विचारायचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते कुणालाही विचारता येतात: आपण आत्ता कुठल्या मैदानावर आहोत? हा पहिला हाफ की दुसरा? शेवटचा गोल कुणी केला? मागचा सामना कुणाबरोबर झाला, आणि जिंकलो की हरलो? यातल्या एका उत्तराला ती अडखळली, किंवा उत्तरं बरोबर आली पण नजर कुठंतरी हरवलेली दिसली, तर खेळ संपला. त्या दिवसापुरता पूर्ण संपला. शंका आली तरी बाहेर, खात्रीची वाट बघायची नाही. तुमच्या पीटी सरांना हे सांगताना त्यांना दोष देऊ नका. चाळीस पोरं, एक शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी नसलेला माणूस आहे तो. मी स्वतः जे केलं तेच ते करतायत. त्यांना हे प्रश्न कागदावर लिहून द्या. माझ्याकडं मराठी आणि कन्नड दोन्हीत छापलेला कागद आहे, कारण आपल्याकडं अडचण भाषेचीही होते. दवाखान्याचा कागद इंग्रजीत, सांगणारी नर्स कन्नडमध्ये, ऐकणारी आज्जी मराठीत. आणि मधल्या मधे "विश्रांती" हा एकच शब्द घरी पोचतो.

त्या विश्रांतीबद्दलही बोलू. पूर्वी अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवायचे. आता तसं करत नाहीत. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल आणि टीव्ही अगदी कमी, आणि त्यानंतर हळूहळू हालचाल. तुमचे बारा दिवस झालेत, म्हणजे नुसतं पडून राहण्याचा काळ गेलाय. सकाळी ऊन चढायच्या आत घरापासून शेतापर्यंत चालू दे, पंधरा-वीस मिनिटं. दुखणं दहापैकी किती, हे तिलाच विचारा. चालल्याने दोन अंकांपर्यंत वाढलं आणि तासाभरात खाली आलं तर चालेल. त्याहून वाढलं तर त्या दिवशी थांबायचं, दुसऱ्या दिवशी थोडं कमी. हे रोज वहीत लिहून ठेवा: झोप किती, दुखणं किती, वाचलं किती. डॉक्टरांपुढं ही वही त्या स्कॅनपेक्षा जास्त बोलेल.

मैदानाच्या आधी शाळा, हा क्रम मोडू नका. अक्षरं हलत असताना जिची गणिताची वही पूर्ण होत नाही, तिला चाळीस यार्डांवरून येणारा बॉल कसा दिसणार? वर्गशिक्षकांना भेटा. काही दिवस अर्धा दिवस शाळा, फळ्यावरचं उतरवून घ्यायला मैत्रिणीची वही, परीक्षेला थोडा जादा वेळ, खिडकीच्या झगझगीत उजेडापासून दूरचा बाक. एवढं बहुतेक शाळा समजावून सांगितल्यावर देतात. पूर्ण दिवस शाळा सहज जमू लागली की मगच ग्लोव्हज.

खेळाकडं परतताना पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला निदान एक पूर्ण दिवस लागतो. आधी चालणं, मग हलकं धावणं किंवा सायकल. त्यानंतर एकटीने बॉल: उभ्याने झेलणं, जमिनीवरून सरपटत आलेला उचलणं, किक मारणं. इथं पालक चुकतात, म्हणून स्पष्ट लिहिते: झेप नाही. स्ट्रायकर मुलीला या पायरीवर मोकळं पळू देतात, पण कीपर झेपावली की अंग जमिनीवर आपटतं आणि तो हिसका मानेतून थेट डोक्यात जातो. आमच्या भागातली मैदानं कशी असतात तुम्हाला माहीत आहे, वर तांबडी माती, खाली मुरूम. लक्षणं पूर्ण गेली, दमल्यावरही परत आली नाहीत, की मग गादीवर झेप, मग गवतावर, मग दुसऱ्यांबरोबर सराव पण अंगाला अंग न लावता. त्यानंतर डॉक्टरांकडून लेखी घ्यायचं आणि मगच गर्दीत कॉर्नर. सामना सगळ्यात शेवटी. ब्रिटनमध्ये शाळा आणि हौशी खेळासाठी 2023 मध्ये जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात मार लागल्यापासून 21 दिवसांच्या आत स्पर्धेत उतरायचंच नाही असं आहे. मी ती इथं पाळते. या हिशेबानेही पुढच्या आठवड्यातली निवड बसत नाही, आणि 21 दिवस झाले पण डोकं दुखतंय, तर तेही पुरत नाहीत. बहुतेक मुलं चार आठवड्यांत बरी होतात. पहिला मार पूर्ण बरा होण्याआधी दुसरा बसला, तर मात्र महिने जातात, आणि क्वचित जिवावर बेततं.

ही लक्षणं दिसली तर वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात, रात्र असली तरी: डोकेदुखी वाढतच जाणं, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, एकाची दोन दिसणं, हाता-पायाला मुंग्या किंवा जोर नसणं, बोलणं अडखळणं, झोपेतून उठवायला अवघड जाणं, ओळखीच्या माणसालाही न ओळखणं.

आणि एक गोष्ट मागून घ्या, कारण ती सहसा कुणी आपणहून करत नाही: तिची मान तपासायला सांगा. कानशिलावर एवढा फटका बसतो तेव्हा मानेलाही हिसका बसतो, आणि मागून वर चढणारं डोकं दुखणं पुष्कळदा मानेतून येतं. स्करीची तीन वर्षं जिथं गेली, ती जागा मानेच्या वरच होती. मी लेकीला पाहिलेलं नाही, तिचं दुखणं तिथलंच आहे असं म्हणत नाही. पण मान, डोळ्यांच्या हालचाली आणि तोल या तिन्ही गोष्टी एखाद्या जाणकार फिजिओने तपासायला पाऊण तास पुरतो, आणि त्यावर व्यायाम आहेत, चांगले लागू पडणारे. न्यूरोफिजिशियनना, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना, दाखवाल तेव्हा मान, डोळे आणि तोल ही तिन्ही नावं घेऊन विचारा.

हेल्मेट घालून खेळवू का, असंही पुढं तुमच्या मनात येईल. पेट्र चेक या मोठ्या कीपरची 2006 मध्ये कवटी फुटली आणि नंतर तो कायम मऊ टोप घालून खेळला, त्यामुळं लोकांना वाटतं टोप घातला की झालं. टोपाने कवटीला आणि कातडीला आधार मिळतो. आतला मेंदू हलायचा थांबत नाही. आवडत असेल तर घालू दे. पण त्यावर भरवसा ठेवून लवकर उतरवू नका.

खरा बचाव आवाजात आहे. हे मी जे सांगतेय ते कीपर म्हणून सांगतेय. गोलमध्ये उभी असलेली मुलगी अकरा जणींत एकटीच सगळं मैदान समोर बघत असते. तिला दिसतं ते तिने ओरडून सांगायचं असतं. बॉल घ्यायला निघाली की आधी आवाज: "कीपर!" आमच्या संघात शाहापूर-वडगावच्या कन्नड बोलणाऱ्या पोरी आहेत, कॅम्पातल्या कोंकणी आहेत, कडोली-उचगावच्या मराठी. कुणी "सोड" म्हणायचं, कुणी "बिडु". गोंधळ व्हायचा, दोघी एकाच बॉलवर जायच्या आणि डोक्याला डोकं आपटायचं. म्हणून "कीपर" हा एकच शब्द ठरवला. तो ऐकला की आपल्या बाजूच्या सगळ्या बाजूला होतात, समोरचीही पाऊल आखडते. बॉल हातात आल्यावर तिच्यावर चाल करायला नियमाने बंदी आहे, पण रेफ्रींच्या शिट्टीआधी तिचा आवाज पोचतो.

तुमची लेक तो बॉल घ्यायला गेली तेव्हा ओरडली होती का? विचारून बघा, रागावून नव्हे. बहुतेक वेळा उत्तर "नाही" असतं. आपण पोरींना घरात किती वर्षं "हळू बोल" म्हणतो, आणि मग एका शनिवारी मैदानावर नेऊन म्हणतो, ओरड. माझा पहिला महिना नवीन कीपरला ओरडायला शिकवण्यातच जातो. हात-पाय नंतर. आणि जी पोरगी "कीपर!" म्हणून ओरडायला शिकते, तीच पुढं "मिस, मला बरं वाटत नाही" हेही सांगते. ज्या पोरीने "एन इल्ला" म्हटलं, तिला मी ओरडायला शिकवलं नव्हतं.

बाकीचं तंत्र आहे. खाली आलेल्या बॉलवर डोकं पुढं घालून वाकायचं नाही. एका कुशीवर, हात पुढं, बॉलच्या मागं अंग, हनुवटी छातीकडं. उंच बॉलला एक गुडघा वर, अंगाला ढाल म्हणून. पडायचं कसं हे मी ज्युदोकडून घेतलं. आपल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव 2018 च्या आशियाई स्पर्धेत कुराश या ज्युदोसारख्या कुस्तीत कांस्यपदक घेऊन आली, तेव्हापासून आमच्या पोरींना पडायला शिकण्यात कमीपणा वाटत नाही. हनुवटी आत, हाताचा पंजा जमिनीवर, डोकं कधीच आधी नाही. सोबत मानेचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं. लहान वयात हेडिंगचा, म्हणजे डोक्याने बॉल मारण्याचा, सराव तर आम्ही जवळपास करतच नाही. अमेरिकेच्या महासंघाने 2015 मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलंय.

आता तिसरा प्रश्न. पोरीच्या जातीला पुढं काही आहे का.

आदिती चौहानचं नाव तुमच्या लेकीला माहीत असेल. दिल्लीत वाढलेली मुलगी, आधी कराटे आणि बास्केटबॉल खेळायची. भारताची गोलकीपर झाली. इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये एमएससी करायला गेली, आणि 2015 मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात दाखल झाली. भारताच्या महिला संघातून इंग्लंडच्या लीगमध्ये खेळलेली ती पहिली. इथं परतून गोकुलम केरळा या क्लबकडून खेळली, मुलींसाठी स्वतःची फुटबॉल अकॅडमी काढली, आणि 2025 च्या जुलैत निवृत्त झाली. त्याच महिन्यात भारताच्या महिला संघाने थायलंडला 2-1 ने हरवून 2026 च्या आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी जिंकून तिथं पोचायची ही पहिलीच वेळ, आणि गोलमध्ये होती मणिपूरची पांथोई चानू.

आदितीच्या कहाणीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग म्हणजे तिची पदवी. खेळ आणि शिक्षण दोन्ही तिने एकमेकांच्या आधाराने पुढं नेलं. पैशाचं सरळ सांगते. भारतीय महासंघाने 2023 मध्ये महिला लीगच्या क्लबांना निदान दहा खेळाडूंशी वर्षाला किमान 3.2 लाखांचे करार करायला सांगितलं. पूर्वीच्या मानाने ही मोठी पायरी आहे, पण संसार चालवायला पुरेल असा पैसा आणि दीर्घ करार मोजक्याच जणींना मिळतात. रेल्वेचा महिला संघ आहे, तिथं नोकरी मिळते. राष्ट्रीय महिला स्पर्धेला आता राजमाता जिजाबाई करंडक म्हणतात. ते नाव ऐकून आमच्या पोरींची मान ताठ होते, हे मी पाहिलंय. शिवाय प्रशिक्षक, फिजिओ, रेफ्री, शाळेत शारीरिक शिक्षण. मी त्यातल्याच एका वाटेने आले. म्हणून दहावी आणि पुढचं शिक्षण तिने कुठल्याही निवडीसाठी सोडू नये, आणि शिक्षणासाठी खेळही सोडू नये.

सीमेवर राहण्याची आपली वेगळी अडचण आहे. कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, जिथं पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियम भरून टाकतात. गोवा चोर्ल्याच्या घाटाखाली. पण आपली मुलगी नोंदली जाते कर्नाटकात, आणि राज्याचं मोठं शिबिर म्हणजे पाचशे किलोमीटरवरचं बेंगळुरू. पंधरा वर्षांच्या पोरीला रात्रीच्या रेल्वेने पाठवायचं, सोबत कोण जाणार, तिथं कन्नड-इंग्रजीत ती गप्प बसेल का, हे प्रश्न खरे आहेत. माझा अनुभव एवढाच: ज्या मुली इथंच चांगलं कन्नड बोलायला शिकल्या, त्या तिथं टिकल्या. घरी मराठी, मैदानावर जी लागेल ती. कोल्हापूरला किंवा गोव्याला सुट्टीतल्या शिबिराला पाठवायला काहीच हरकत नाही, शिकण्याला हद्द नसते. फक्त नोंदणीची कागदपत्रं एकाच राज्यात, नीट, वेळेवर ठेवा. वयाच्या दाखल्यावरून चांगल्या पोरींची निवड अडकलेली मी पाहिली आहे.

आज्जींना माझा नमस्कार सांगा. त्यांची भीती बरोबर आहे, मार डोक्यालाच लागलाय. पण त्यांनी "फुटबॉल बंद" म्हटलं की पोरगी पुढच्या वेळी डोकं दुखलेलं सांगणारच नाही, लपवेल. त्यांनी एवढंच म्हणावं, "दुखलं तर आधी मला सांग, खेळ कुणी काढून घेणार नाही." हे वाक्य आज्जीच्या तोंडून आलं तर माझ्या सगळ्या व्यायामांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

निवड समितीला चिठ्ठी द्या: डोक्याला मार, डॉक्टरांच्या सल्ल्याने विश्रांती, पुढच्या निवडीला येईल. चिठ्ठीची एक प्रत स्वतःकडं ठेवा. न्यूरोफिजिशियनना या आठवड्यातच दाखवा. आणि पुढच्या रविवारी सकाळी जवळ जिथं मुलींचा सराव असेल तिथं तिला घेऊन जा, नऊच्या आत, ऊन चढण्याआधी. बूट आणि ग्लोव्हज घरी ठेवा, ती दुखण्याची वही घ्या. गोलच्या मागं सावलीत तिला बसवा आणि आत उभ्या असलेल्या लहान कीपरला कधी ओरडायचं ते तिला सांगू द्या. डोकं दुखायला लागलं की उठून घरी.